चाक फिरतंय, गाडी हलत नाही : बर्फातल्या ट्रेलविषयी वाचकांचे प्रश्न

हिवाळ्यात फोर बाय फोर क्लबच्या (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाड्या चालवणाऱ्यांच्या) बर्फातल्या ट्रेल, म्हणजे आडवाटांवरच्या सफरी, सुरू झाल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर साधारण एकच असतो : गाडीला आणखी काय बसवू? बऱ्याच जणांना आमचं उत्तर असतं की काही बसवू नका, टायरमधली हवा कमी करा आणि एक चांगलं फावडं घ्या. ज्यांचं एवढ्यावर भागत नाही, त्यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : बर्फातल्या ट्रेलला पहिल्यांदाच जातोय. गाडी कंपनीतून आली तशीच आहे; लिफ्ट (गाडी उंच करणारं किट) नाही, लॉकर (एका धुरीची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं उपकरण) नाही. टायर मात्र नवे टाकलेत, चिखलासाठीचे, मोठ्या ठोकळ्यांचे. निभावेल का?

गाडीचं निभावेल, टायरबद्दल शंका आहे. मड-टेरेन टायरचे मोठे ठोकळे ताज्या खोल बर्फात उकरत पुढे जातात. पण पुढच्या पाच-सहा गाड्यांनी दाबून कडक केलेल्या बर्फावर त्यांना धरायला काही सापडत नाही. तिथे पकड येते ती ठोकळ्यांवर कापलेल्या बारीक चिरांमुळे, आणि मड टायरवर त्या अगदी कमी असतात. शिवाय साधं रबर साधारण सात अंशांखाली कडक होत जातं. टायरच्या भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण आहे का पाहा. ही खूण बर्फावर चाचणी घेतलेल्या टायरलाच मिळते. नुसती 'एम प्लस एस' ही अक्षरं असतील तर ती नक्षीच्या रचनेबद्दल असतात, बर्फावरच्या चाचणीबद्दल नाही. टायर घेऊन झालेच आहेत, तर चेन, म्हणजे टायरभोवती बांधायच्या साखळ्या, सोबत ठेवा.

लिफ्टचं म्हणाल, तर गाडीखाली २० ते २२ सेंटिमीटर जागा असेल तर ३० सेंटिमीटर हलका, कोरडा बर्फ ती ढकलत नेते. तोच बर्फ ओला असेल तर २० सेंटिमीटरलाच ती थांबते. म्हणजे खोलीइतकीच बर्फाची जात महत्त्वाची. मूठभर उचलून दाबा : गोळा झाला तर ओला, सुटून पडला तर कोरडा.

एका गोष्टीवर मात्र क्लबने अडवलं तर वाद घालू नका : पुढे आणि मागे चासीला बोल्ट केलेला, ओढण्यासाठीच बनवलेला हुक हवाच. जहाजावर किंवा ट्रकवर गाडी बांधण्यासाठी दिलेल्या पातळ कड्या म्हणजे हुक नव्हेत.

प्रश्न : हवा किती कमी करायची? कोणी १८ म्हणतं, कोणी ८.

दोघंही बरोबर असू शकतात, कारण त्यांच्या गाड्या आणि रिम वेगळ्या असतील. साध्या रिमवरच्या, दोन टनांच्या आसपासच्या गाडीसाठी आमचा हिशेब असा : ट्रेल सुरू होते तिथे १८ पीएसआय (टायरमधल्या दाबाचं एकक). गाडी झगडायला लागली तर १५. त्यातही जमलं नाही तर १२, आणि तिथे थांबायचं. दहाच्या खाली फक्त बीडलॉक (टायरची कड आवळून धरणाऱ्या) रिमवाल्यांनी जावं. जाड भिंतीच्या, जास्त भार पेलणाऱ्या टायरला त्याच परिणामासाठी दोन-तीन पीएसआय आणखी कमी करावे लागतात. आकड्यावर विश्वास नसेल तर टायरकडे बघा. जमिनीलगत भिंतीला स्पष्ट फुगवटा दिसायला हवा. तो दिसत नसेल तर हवा अजून जास्त आहे.

हवा कमी केल्याने टायर रुंद होतो असं लोक समजतात. तो मुख्यतः लांब होतो. जमिनीला टेकणारा पट्टा पुढे-मागे वाढतो, वजन पसरतं आणि गाडी बर्फ खणण्याऐवजी त्यावरून जाते.

आता थंडीचा हिशेब. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने उतरतो. २० अंशांच्या गॅरेजमध्ये मोजलेला ३३ चा दाब उणे १० च्या ट्रेलवर आपोआप २८ होतो. उलट हायवेवरून आलेला टायर गरम असतो आणि गेज तीन-चार पीएसआय जास्त दाखवतं. अशा गरम टायरमध्ये १५ ठेवून निघालात तर तासाभराने तो ११-१२ वर आलेला असतो. म्हणून ट्रेलच्या तोंडाशी आधी १८ वर आणा, ड्रायव्हरांची बैठक उरकून घ्या, मग पुन्हा मोजा.

कमी हवेवर ताशी २५-३० किलोमीटरच्या वर जाऊ नका. टायर रिमवरून सुटतो तो बहुतेक वेळा सरळ चालताना नाही, तर स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना गाडी आडवी घसरून चाकोरीच्या कडेला आपटते तेव्हा. हवा परत भरताना कॉम्प्रेसर बॅटरीला जोडा, इंजिन चालू ठेवा आणि व्हॉल्व्ह आधी कोरडा पुसा. व्हॉल्व्हच्या पिनेत पाण्याचा थेंब गोठला तर ती पूर्ण बंद होत नाही आणि टायर रात्रभरात बसतो. टोपणं खिशात ठेवा. बर्फात पडलेलं काळं टोपण सापडत नाही.

प्रश्न : चेनची एकच जोडी आहे. पुढे लावू की मागे?

आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. काही गाड्यांत पुढच्या चाकामागे इतकी कमी जागा असते की चेन ब्रेकच्या नळीला घासते, आणि तिथे प्रश्नच मिटतो. मॅन्युअल दोन्हीकडे परवानगी देत असेल तर एवढं लक्षात घ्या : फक्त मागे चेन असेल तर गाडी चढ चढते, पण उतारावर स्टिअरिंग फिरवूनही सरळच जाते. फक्त पुढे असेल तर स्टिअरिंग आणि ब्रेक मिळतात, पण उतारावर मागची बाजू फिरून पुढे यायला बघते. आमचं स्पष्ट मत : दुसरी जोडी घ्या.

चेन घरी, कोरड्या हातांनी एकदा लावून बघा. ट्रेलवर अडकण्याआधी लावा, अडकल्यावर नव्हे. रुतलेल्या चाकाच्या मागून हात घालून चेन ओढणं हा शिक्षेचा प्रकार आहे. लावल्यावर शंभर-दोनशे मीटर चालवून पुन्हा ताणा. हवा खूप कमी केली असेल तर चेन सैल पडते आणि भिंतीवर चढते, म्हणून चेन असताना १८-२० च्या खाली सहसा जाऊ नका.

प्रश्न : फोर-एच की फोर-एल? ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचा का? आणि लॉकर बर्फात कधी लावायचा?

फोर-एच म्हणजे चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाचे गिअर; फोर-एल म्हणजे तेच, पण कमी वेगाचे आणि जास्त जोराचे, म्हणजे लो रेंज. दाबलेल्या, सपाट बर्फावर फोर-एच. खोल बर्फ, चढ आणि उतार यांसाठी फोर-एल, पण सुटताना पहिला गिअर नको, दुसरा घ्या. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये चाकाला इतका जोर मिळतो की पाय नुसता टेकवला तरी ते घसरतं. उताराचंही तसंच : निसरड्या उतारावर पहिला गिअर चाकांना इतकं धरतो की ती फिरायची थांबतात आणि गाडी घसरगाडी होते. तसं झालं तर ब्रेक न दाबता हलकासा ॲक्सिलरेटर द्या, म्हणजे चाकं गाडीच्या वेगाशी जुळतील आणि स्टिअरिंग परत येईल. हे वाचायला सोपं आहे. पाय मात्र ब्रेककडेच धावतो, म्हणून मोकळ्या सपाट जागेत आधी सराव करा.

ट्रॅक्शन कंट्रोल खोल बर्फात बंद. चाक घसरलं की तो इंजिनाची ताकद कापतो आणि गाडीचा वेग नेमका नको तिथे मरतो. एबीएसला (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) हात लावू नका, त्याचा फ्यूज काढण्याचे उद्योग तर अजिबात नकोत. भुसभुशीत बर्फात एबीएसमुळे थांबायचं अंतर वाढतं हे खरं, कारण जाम झालेलं चाक आपल्यापुढे बर्फाचा ढीग साठवतं आणि त्याला अडतं. पण निसरड्या वळणावर स्टिअरिंग हाती राहतं ते एबीएसमुळेच.

लॉकर सरळ चढावर, चाकं सरळ असताना लावा. आडव्या उतारावरून जाताना तो बंदच हवा. लॉक केलेल्या धुरीची दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडीचं बूड दरीच्या बाजूला सरकतं. उघड्या डिफरन्शियलमध्ये (धुरीवरच्या, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्यात) निदान एक चाक न घसरता गाडीला धरून ठेवतं. वाऱ्याने आणलेला बर्फ रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला जास्त साचतो, त्यामुळे खालचा रस्ता सपाट असला तरी तुमची वाट दरीकडे कललेली असते. अशा तुकड्यात वरच्या बाजूचा बर्फ फावड्याने कापून चाकोरी करा. अर्धा तास जातो, जाऊ द्या.

प्रश्न : मी अडकतो तेव्हा आणखी रेस दिली की गाडी आणखी खाली जाते. मग नेमकं करायचं तरी काय?

रेस द्यायची नाही. टायर एका जागी फिरला की घर्षणाने खालचा बर्फ वितळतो आणि क्षणात गोठून त्याचा गुळगुळीत थर होतो. दहा सेकंदांच्या रेसने तुम्ही स्वतःखाली खड्डाही खणलेला असतो आणि त्याला पॉलिशही केलेली असते. गाडी पुढे सरकत नाही आणि चाक फिरतंय असं जाणवलं की लगेच पाय उचला. मग रिव्हर्स टाकून आपल्याच चाकोरीतून सात-आठ मीटर मागे या आणि त्याच चाकोरीतून थोड्या वेगाने पुन्हा पुढे जा. प्रत्येक खेपेला मीटर-दीड मीटर मिळतं. मागे येतानाही चाक फिरायला लागलं तर संपलं. इंजिन बंद करा, उतरा.

चढावर थांबलात तर वळायचा विचारही नको. लो रेंजचा रिव्हर्स, क्लचवरून पाय काढलेला, स्टिअरिंग सरळ, आणि आलात त्याच रेषेत खाली.

उतरल्यावर चाकांकडे धावू नका, आधी झोपून गाडीखाली बघा. बहुतेक वेळा चाकं दोषी नसतात. दोन चाकोऱ्यांमधला बर्फाचा उंचवटा डिफरन्शियलला आणि गिअरबॉक्सखालच्या पत्र्याला टेकलेला असतो, गाडीचं वजन त्यावर गेलेलं असतं आणि चाकं नुसती लटकलेली असतात. असं असेल तर चाकापुढे कितीही खोदा, गाडी निघत नाही. लांब दांड्याच्या, चपट्या पात्याच्या फावड्याने बाजूने आत शिरून पोटाखालचा बर्फ आधी मोकळा करा, पुढची आणि मागची दोन्ही डिफरन्शियल सुटी दिसेपर्यंत. काढलेला बर्फ दरीच्या बाजूला टाका. चाकोरीत टाकलात तर तो पुन्हा तुमच्याच वाट्याला येतो. मग चारही चाकांसमोर मीटरभर लांबीचा सौम्य उतार कापा, आणि टायरखालचा चकचकीत थर पात्याच्या कडेने खरवडून खडबडीत करा. हा शेवटचा भाग लोक विसरतात आणि खोदकाम वाया जातं.

ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या दातेरी प्लास्टिकच्या पट्ट्या) असतील तर त्यांचं टोक टायरखाली घट्ट सरकवा, नुसते समोर टाकू नका. त्यावर चाक फिरू दिलं तर प्लास्टिकचे दात वितळून सपाट होतात. बोर्ड मागे उडू शकतो, तेव्हा चाकाच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. प्रत्येक बोर्डाला दीड-दोन मीटरची भडक रंगाची दोरी बांधून ठेवा, म्हणजे गाडी निघून गेल्यावर तो बर्फातून उपसता येतो.

प्रश्न : क्लब 'कायनेटिक' दोर आणायला सांगतो. माझ्याकडे चांगला जाड टो बेल्ट आहे, तो चालणार नाही का?

फिरत्या चाकाची गाडी हळूहळू ओढायला चालेल. रुतलेली गाडी झटका देऊन काढायला नाही. पॉलिएस्टरचा टो बेल्ट जवळजवळ ताणत नाही, त्यामुळे झटक्याचा सगळा मार हुकावर आणि चासीवर पडतो. नायलॉनचा कायनेटिक दोर २० ते ३० टक्के ताणतो आणि तो ताण सावकाश परत देतो. दोन-अडीच टनांच्या गाडीला साधारण २२ मिलिमीटर जाडीचा, सहा ते नऊ मीटर लांबीचा दोर पुरतो. त्याची तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या निदान दुप्पट-तिप्पट असावी.

ओढणारी गाडी दोराला मीटरभर ढील ठेवून हलक्या वेगाने सुटते. पहिला झटका हळू, पुढचा थोडा जास्त. आधी पोटाखालचा बर्फ काढलेला असेल तर दोन झटक्यांत काम होतं. ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर दोर कधीही अडकवू नका. गोळा तुटला तर काचेतून आत येतो, आणि यात माणसं मेली आहेत. उभे राहणारे सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब आणि बाजूला.

विंच (गाडीवर बसवलेलं, दोर ड्रमवर गुंडाळून ओढणारं यंत्र) असेल तर एक सूचना : डब्यावर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या वेढ्याची असते, प्रत्येक थरागणिक ती कमी होते. शक्य तितका दोर सोडा, किंवा पुली लावा. ताकद जवळपास दुप्पट, वेग निम्मा. ओला सिंथेटिक दोर ड्रमवर गोठला की सुटत नाही, म्हणून परतल्यावर पूर्ण उलगडून वाळवा.

प्रश्न : उणे तापमानात माझ्या गाडीचं इंजिन चक्क तापतं. थर्मोस्टॅट बदलला, फरक नाही.

बोनेटच्या आधी जाळी बघा. खोल बर्फ ढकलताना तो जाळीतून आत जाऊन एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यापुढे ठासून बसतो. हवा बंद, वेग कमी, इंजिनावर जोर : काटा चढणारच. थांबून हाताने आणि ब्रशने मोकळं करा, आणि दर थांब्याला बघत जा. थंडीसाठी रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला असेल तर तो ट्रेलवर काढा. पंख्याभोवती साचलेला बर्फ इंजिन बंद केल्यावर वितळून पुन्हा गोठतो आणि पंख्याला धरून ठेवतो, तेव्हा मोठ्या थांब्यानंतर स्टार्टर मारण्याआधी तिकडेही नजर टाका.

प्रश्न : निघण्यापूर्वी बॅटरी, कूलंट आणि डिझेल यांचं काय पाहावं?

लेड-ॲसिड बॅटरीची इंजिन फिरवायची ताकद उणे १८ अंशांना निम्म्याच्या आसपास उरते, आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल जास्त ताकद मागतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. लोड टेस्टही (भार देऊन बॅटरीची चाचणी) करून घ्या. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे १० होण्याआधीच गोठू शकते, आणि गोठलेल्या बॅटरीला जंप स्टार्ट देणं धोक्याचं आहे, ती फुटते.

कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३७ पर्यंत गोठत नाही. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल मात्र उणे १३ च्या आसपासच गोठतं, म्हणून 'जास्त कूलंट, जास्त संरक्षण' हा समज सोडा. डिझेलमध्ये थंडीने मेणाचे कण तयार होतात आणि फिल्टर तुंबतो. त्यावरचं औषध मेण धरण्याआधी घालायचं असतं. तुंबलेल्या फिल्टरला त्याचा उपयोग नाही. थंड भागातल्या पंपावर हिवाळी डिझेल मिळतं, तेच भरा. टाकी पूर्ण भरून निघा : खोल बर्फात लो रेंजमध्ये इंधन नेहमीच्या दुप्पटही लागतं.

प्रश्न : थांब्यानंतर हँडब्रेक सुटलाच नाही. चूक कुठे झाली?

हँडब्रेक लावण्यात. ओले ब्रेक गोठून चिकटले. बर्फात गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा. पण ट्रान्सफर केस (फोर-एच, फोर-एल निवडायचा गिअरचा डबा) न्यूट्रलमध्ये नाही ना हे बघा. तिथे असेल तर गिअर किंवा 'पार्क' गाडीला धरत नाही. थांबण्याआधी शेवटचे शंभर मीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवलं की पाणी उडून जातं. चिकटलेलाच असेल तर गाडी हलकेच पुढे-मागे करा, ड्रमवर हातोडीने हलके ठोके द्या. उकळतं पाणी नको, ते पाच मिनिटांत नवा बर्फ होतं.

प्रश्न : क्लबच्या ताफ्यात शिस्तीचा एवढा आग्रह का? आम्ही बाराजण, सगळे अनुभवी.

बारा गाड्या म्हणजे अडकण्याच्या बारा जागा. वाट फोडायची असेल तर ताफा तासाला तीन-चार किलोमीटरच सरकतो, आणि हिवाळ्यात उजेड लवकर जातो. म्हणून परत फिरायची वेळ सकाळच्या बैठकीतच ठरवायची आणि ती आली की कितीही जवळ पोहोचलेले असलात तरी फिरायचं. दुपारी ऊन लागून बर्फ मऊ पडतो. सकाळी ज्या कडक थरावरून गाड्या आल्या, त्याच थरातून परत येताना चाकं आत जातात. हा परतीचा वेळ हिशेबात धरा.

बाकी नियम थोडे आहेत. पुढे मोठ्या टायरची गाडी, आणि वाट फोडून ती दमली की क्रम बदला. सर्वांत मागे दोर-विंचवाली अनुभवी गाडी. नवखे मध्ये. आरशात मागची गाडी दिसत नसेल तर थांबा. प्रत्येक फाट्यावर मागच्याला वळण दिसेपर्यंत थांबा. चढावर एका वेळी एकच गाडी. हाताने दिशा दाखवणारा माणूस एकच. बाकीच्यांनी ओरडायचं नाही, हे सगळ्यात अवघड. वायरलेसचा चॅनल आधी ठरवा आणि हातातला सेट कोटाच्या आत ठेवा, थंडीत बॅटरी लवकर बसते.

प्रश्न : रात्र गाडीतच काढायची वेळ आली तर?

गाडी सोडून चालत निघू नका. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, आणि प्रत्येक वेळी आधी उतरून सायलेन्सरचं तोंड आणि त्याभोवतीचा बर्फ मोकळा करा. तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीखालून आत येतो. त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. नुसतं चालू इंजिन तासाला साधारण एक लिटर पितं, त्यावरून टाकीचा अंदाज घ्या. माणशी एक स्लीपिंग बॅग, कोरड्या हातमोज्यांची दुसरी जोडी आणि पाणी गाडीत असायलाच हवं. सुती कपडे नकोत. खोदताना आलेला घाम त्यात मुरतो आणि बसल्यावर थंडी भरते.

प्रश्न : गोठलेला ओढा किंवा तलाव ओलांडता येतो का?

तलावावर जाऊ नका. पारदर्शक, नव्या बर्फाचा थर मोठ्या गाडीसाठी ३० सेंटिमीटरहून बराच जाड लागतो आणि पांढऱ्या, धुरकट बर्फाचा त्याच्या दुप्पट. शिवाय तो सगळीकडे सारखा नसतो. ओढ्यात खालून पाणी वाहत असतं, म्हणून तिथे कोणताच आकडा कामाचा नाही. उथळ ओढा असेल तर कडेचा थर फावड्याने फोडून तळ दिसू द्या, मग उतरा. थर न फोडता गेलात तर पुढची चाकं त्यातून खाली जातात आणि बंपर पुढच्या कडेला अडतो.

प्रश्न : ट्रेलवरून परतताना साठच्या पुढे स्टिअरिंग जोरात थरथरतं. अलाइनमेंट गेली असेल का?

आधी चारही रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. तिथे बर्फ चिकटून गोठलेला असतो, एका बाजूला जास्त, आणि चाकाचा तोल जातो. काठीने किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर तिथेच असते, तेव्हा पहार घालू नका. त्यानंतरही थरथर राहिली तर टायरमधली हवा पुन्हा मोजा, आणि मगच मेकॅनिककडे जा.